दोन निरोप, एक अस्तर

४ मार्च

चि. ढोलूस अनेक आशीर्वाद.

तुझं मोठं आतडं काढायचं ठरतंय हे वाचून जीव थोडा थोडा झाला. जमत असेल तर थोडा थांब. गेल्या वर्षी तपासणीत काढलेल्या तुझ्या आतड्याच्या कणापासून आम्ही प्रयोगशाळेत बशीत इवले गोळे वाढवलेत. रोज सकाळी त्यांना बघते आणि थक्क होते. आतड्याचं हे आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं रे, आणि चार-पाच दिवसांत सगळं नवं होतं. म्हातारी पेशी गळायच्या आधीच शेजारणी सरकून जागा भरतात. इतक्या सभ्यपणे आपल्याकडे कुणी खुर्चीही सोडत नाही.

मग तुझ्या पेशी घाऊक का मरतात? दाह चढला की शरीराचे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, जे रासायनिक निरोप सोडतात, ते एकेक करून बशीत घातले. पेशी ढिम्म.

पोटाला जप, माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या पोटातल्या पेशी तुमच्यापेक्षा शहाण्या दिसतात.

थांबता येणार नाही गं. रक्त जातंय, आणि डॉक्टर म्हणतात, आता उशीर केला तर जिवावर बेतेल. शिवाय मला पुन्हा बस चालवायचीय. डेपोच्या खिडकीत बसून लोकांना फलाट सांगायचा वीट आलाय. पोटावर शौचाची पिशवी आली तरी बेहत्तर.

डॉक्टरांशी बोललोय, काढलेला तुकडा तुझ्याकडे येईल. हवा तेवढा वापर, मला परत नको. तू हातातलं काम सोडत नाहीस, याचा मला फार अभिमान आहे. कधी बोललो नाही एवढंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा ढोलू (आता नुसता नावाचा)

२ सप्टेंबर

चि. ढोलूस आशीर्वाद.

तू नीट जेवतोस हे तुझ्या बायकोने कळवलं, जीव भांड्यात पडला.

आमची शिस्त अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्या शिस्तीने घात केला. या वेळी तुझ्या तुकड्यातून वाढवलेल्या गोळ्यांवर दोन निरोप एकदम सोडले, आणि गोळे विरून गेले. आपल्या घरासारखंच. बाबा ओरडले तर आपण ऐकून घ्यायचो, आईने अबोला धरला तरी निभवायचो. दोन्ही एकाच दिवशी आलं की संपलंच. एक निरोप पेशीला मरायला तयार करतो, दुसरा ढकलतो. मग अस्तराला भोकं पडतात, जंतू शिरतात आणि शिपाई आणखी निरोप सोडतात.

पहिला निरोप पेशीच्या आत पोचवणारा खटका औषधाने बंद केला. दोन्ही निरोप आले, तरी तुझ्या पेशी जगल्या. किती चिवट आहेत रे. मी तिथेच रडले. तुला आता याचा काय उपयोग? मला उशीर झाला.

आहेस तसाच माझा राहा.

तुझी ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कालपासून लांब पल्ल्याची गाडी पुन्हा माझ्या हातात आली. पिशवी प्रवाशांपेक्षा कमी त्रास देते.

तुझं पत्र माझ्या कंडक्टरला वाचायला दिलं. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला माझाच आजार निघालाय. वाचून तो तिकिटं द्यायचीच विसरला. मग विचारलं, तुझी बहीण हे औषध माणसांना कधी देणार. मी सांगितलं, वेळ लागेल, पण ती सोडणारी नाही.

माझ्या वाट्याची माया थोडी त्या पोरीसाठीही ठेव. उशीर मला झाला, ताई. तिला अजून नाही झालेला.

तुझा ढोलू