रेंज गॅलरीतच येते

आई,

कॅब खाली येऊन थांबलीय, म्हणून घाईत लिहितेय. तुमचं वायफाय का रखडतं, ते सकाळी कळलं. तुमचा फोन घेऊन घरभर फिरले. तुमच्या खोलीत जेमतेम एक रेघ आणि गॅलरीत पूर्ण रेंज, कारण माझ्या खोलीची खिडकी तिथेच उघडते. ऑफिसच्या मीटिंग अडकू नयेत म्हणून राउटर मीच माझ्या खोलीत ठेवला होता, आणि वर दार लावून बसायचे.

आणि तुम्ही नोएडाच्या या थंडीत शाल गुंडाळून गॅलरीतून नागपूरच्या मावशींशी बोलायचात, तेव्हा मला वाटायचं, सुनेची गाऱ्हाणी चालली आहेत. काल तसं बोलूनही गेले. तुम्ही नुसतं “अच्छा” म्हणालात आणि फोन ठेवून दिलात.

राउटर आता तुमच्या दाराशी ठेवलाय. तरीही फोन अडकला, तर सेटिंगमध्ये आपल्या वायफायच्या नावावर दाबा. ‘विसरा’ असं येईल, ते दाबा आणि पुन्हा जोडा. पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय.

आज मावशींशी पांघरुणात बसून बोला. माझी गाऱ्हाणीसुद्धा खुशाल सांगा.

फोनला ‘विसरा’ म्हणता येतं हो. तुम्हाला कुठल्या तोंडाने म्हणू?

मैत्रेयी