ट्रकची किल्ली माझ्याकडे आहे

ओस्ताप,

किल्ली शोधू नकोस, मी घेऊन गेलेय. झ्लाताला पाळणाघरात सोडून तशीच कामावर जाते.

ट्रकमधली तासांची नोंद पाहिली. मंगळवारी तुझे कायद्याने ठरलेले चालवायचे तास संपल्यावर मेम्फिसपर्यंत देम्यानने ट्रक चालवला म्हणे! तुझा भाऊ तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात वारेनिकी खात बसला होता.

वाहतुकीचा दर निम्म्यावर आला म्हणून तू दुप्पट जागणार का? डेन्व्हरला आठ मोटारी पोचवायचं काम मी सकाळी परत केलं. दलाल हसला, "बाई, याच दरात दहाजण रांगेत आहेत." म्हटलं, "मग त्यांना पाठवा."

बोर्श्च गरम करून खा. भांडायचं ते संध्याकाळी भांडू. ट्रकचा हप्ता कसा भरायचा, मलाही माहीत नाही. पण आज तू झोप.

ओलेस्या