काळ्या पडद्यापुढचं गाणं

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी सात.
आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचायची नाही. तरी सत्यशीला म्हणजे माझी पत्नी, हे नोंदवून ठेवतो. आत्मचरित्र लिहिताना उपयोगी पडेल.

बातमी पक्की. आमच्या 'संगीत बाहेरगावची आळी'चा सिनेमा होतोय. खडकीतली एक आळी, तिथे मद्रास, नेपाळ, गोरखपूर, उदगीर अशा मुलखांतून आलेली कुटुंबं, त्यांची भांडणं, लग्नं, गाणी. नाटक चार वर्षं जोरात चालू आहे. लोक म्हणतात लेखन चांगलं, नाच चांगले. माझ्या मते पिठाच्या गिरणीवाला आप्पा चांगला. तो मी करतो. दुसऱ्या अंकात आळीचा प्रवेश संपतो, काळा पडदा पडतो, त्याच्यापुढे मी एकटा, आणि 'आलात? बसा. जाणार केव्हा?' हे गाणं. नाटकाचा सगळा अर्थ त्यात आहे. बाकीचे अडीच तास भरती.

काल चिंचवडला तीन वन्स मोअर. तीन! गाणं चालू असताना पडद्यामागे आळी काढून रेल्वेचा फलाट लावतात. नेपथ्यवाल्या महिपतीची दोन माणसं काल आलीच नव्हती, त्यामुळे ठोकाठोक शेवटपर्यंत. मध्येच काहीतरी आपटलं आणि एक शिवी ऐकू आली. तरीही तीन. सुरुवात नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेतून, दादामियाँकडून. ते कंपनीची बस चालवतात. एवढा रसिक माणूस ड्रायव्हर कसा राहिला, देव जाणे.

संकल्प : तळलेलं बंद. रोज मिठाच्या गुळण्या. सिनेमावाल्यांना स्वतःहून फोन करायचा नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
फोन केला. दिग्दर्शिका तेजस्विनी, वय तिशीच्या आत, आमच्या कर्वेनगरचीच. उचलला नाही. पुन्हा केला तो फक्त पहिला चुकून लागला होता हे सांगायला. तोही उचलला नाही. या पिढीला रीत म्हणून नाही.
गुळण्या सुरू. भजी खाल्ली. पण ती सत्यशीलेने आपणहून केली होती, मी मागितली नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार
कोथरूड. एकच वन्स मोअर, तोही मरतुकडा. कोथरूडचा प्रेक्षक मध्यंतरातल्या वड्यासाठी येतो आणि आजूबाजूचं नाटक सहन करतो. महिपतीची सगळी माणसं हजर होती, फलाट झटपट लागला, म्हणजे ठोकाठोकीचा व्यत्ययसुद्धा नव्हता. इतक्या शांततेत गायलो आणि कदर शून्य.
गाताना पडद्याच्या कडेला महिपतीने बॅटरी चमकवली. हा त्याचा नेहमीचा चाळा. प्रयोगानंतर झापला. म्हणाला, आप्पा, ती तुमच्यासाठी नसते. मग कोणासाठी असते, विचारलं. तो दोरी गुंडाळायला लागला. उद्धट माणूस.

१७ ऑगस्ट, रविवार
तेजस्विनी भेटली. तालमीच्या हॉलबाहेर, योगायोगाने. मी तिथे सकाळपासून उभा होतो.
म्हणाली, काका, तुमचं नाटक मी कितीदा पाहिलंय, दोनदा तर विंगेतून. तुमच्या गाण्याच्या वेळी पडद्यामागे जे चालतं ना, ते अमेझिंग आहे. पडद्यामागे म्हणजे गाण्यातला दडलेला अर्थ. पोरीला जाण आहे. मग विचारलं, गाणं किती वेळ चालतं? म्हटलं, प्रेक्षकांवर अवलंबून. यावर बरीच हसली. स्क्रिप्टमध्ये बघते म्हणाली. म्हणजे ठरलंच.
घरी येताना केस काळे करून घेतले. क्लोजअपमध्ये पांढरे चमकतात. सत्यशीला म्हणाली, थोडं उरलं असेल तर बुटांनाही लावा.

२४ ऑगस्ट, रविवार
निर्मात्याने, म्हणजे सलिलने, नवा सेट आणलाय. चाकांवर. ढकलला की आळी जाते, ढकलला की फलाट येतो. नाटक आहे की हातगाडी?
गाणं संपलं. मी दोन्ही हात पसरून वन्स मोअरला जागा दिली. शांतता. कोणीतरी खोकलं. पाठीमागे पडदा उघडला आणि नेपाळी कुटुंब ट्रंका घेऊन मला वळसा घालून गेलं.
दादामियाँना गाठलं. आज काय झालं तुम्हाला? म्हणाले, साहेब, मी काय करू, महिपतीची बॅटरीच नाय दिसली. अगदी असंबद्ध उत्तर. वय झालं बिचाऱ्यांचं.
निष्कर्ष : चाकांमुळे नाटकाचा आत्मा गेला.

२ सप्टेंबर, मंगळवार
सलिलचा फोन. अहो, गाण्याची दोन कडवी कापू या का? फलाट आधीच तयार असतो, लोक ताटकळतात. ताटकळतात! माझ्या गाण्यात!
तिथल्या तिथे कळवलं की माझ्या तारखा सिनेमाला दिल्या आहेत, आप्पासाठी दुसरा माणूस बघा, मिळतो का ते बघू. (सिनेमाने तारखा अजून मागितलेल्या नाहीत. मागतील तेव्हा धांदल नको.) वाटलं, धावत येईल, हातापाया पडेल. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा आला. मागून एक पुष्पगुच्छ. तोही चित्रातला.
सत्यशीलेला सांगितलं, नाटक सोडलं. ती म्हणाली, कोणी धरलं होतं का?

१९ सप्टेंबर, शुक्रवार
खडकी. शूटिंग. बोलावलं नव्हतं, निरोप राहून गेला असणार. गर्दी म्हणून खरेखुरे खडकीकरच उभे केलेत. त्यातल्या एक बाई, आजोबा मद्रासकडून दारूगोळ्याच्या कारखान्यात आलेले, माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलायला लागल्या. काका, तुम्ही कुठले? म्हटलं, पुण्याचा. मूळचे? हा प्रश्न मी गाण्यात विचारतो, मला कोणी विचारत नाही. बार्शी, म्हणालो. अगंबाई, लांबून आलात, बसा, म्हणाल्या आणि खुर्ची दिली.

तेजस्विनीला विचारलं, माझा सीन केव्हा? ती दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसली. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाली, काका, रागावू नका. ते गाणं सेट बदलण्यासाठी लिहिलेलं आहे. मागे फलाट लागेपर्यंत पुढे कोणीतरी उभं हवं. सिनेमात मला नुसता कट मारायचाय.
मी म्हटलं, आणि वन्स मोअर?
ती म्हणाली, फलाट लागला नसेल तर महिपतीदादा बॅटरी दाखवायचे आणि दादामियाँ ओरडायचे. मग बाकीचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

धादांत खोटं. पोरीला संगीत नाटकातलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्याच्या यशावर जळणारी जात. बसमध्ये चिंचवडचे तीन आठवले. दोन माणसं आली नव्हती. मग कोथरूड आठवलं. सगळी माणसं आली होती. पुढचं आठवणं बंद केलं.
घरी आल्यावर भजी मागून खाल्ली.

२७ मार्च, शुक्रवार
सहा महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.
संकल्प : सिनेमा बघणार नाही. पहिलाच शो बघितला. आळीतले लोक नाचतात, भांडतात, रडतात आणि पुढच्या क्षणी फलाट. मध्ये काहीही नाही. शेजारच्या बाईंना म्हटलं, इथे काहीतरी राहिलंय. त्यांनी पर्स तपासली.
लोक टाळ्या वाजवत होते. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पडला असता तर माफ केलं असतं, पण सिनेमा चांगला आहे.

१२ एप्रिल, रविवार
सिनेमामुळे नाटकाला पुन्हा गर्दी. दुपारच्या प्रयोगाला गेलो, तिकीट काढून. साई कसा आपटतो, एवढंच बघायचं होतं. साई म्हणजे माझ्या जागी घेतलेला आप्पा. हिंजवडीत नोकरी, पस्तिशी, चिकटवलेली मिशी. शेवटच्या रांगेत दादामियाँच्या शेजारी बसलो. त्यांनी शेंगदाणे पुढे केले, मी घेतले नाहीत. दुसऱ्या अंकात त्यांना कोणीतरी बोलवायला आलं, बस कोणाच्या तरी गाडीला आडवी लागली होती. ते बाहेर गेले.

काळा पडदा पडला. साई गायला लागला. आवाज बरा आहे. चांगला आहे. शेवटच्या कडव्याला मागे कर्रकन आवाज झाला आणि महिपतीची शिवी ऐकू आली. चाक अडकलं होतं. गाणं संपलं. साई दोन्ही हात पसरून उभा. पडद्याच्या कडेला बॅटरी चमकली. दादामियाँ बाहेर. मी मनात म्हटलं, भोगा. आणा अजून चाकं.
बॅटरी पुन्हा चमकली. साईचे हात तसेच. कोणीतरी खोकलं. ते खोकणं मला सहन होईना.
वन्स मोअर, मी ओरडलो. गुळण्यांचा तेवढा उपयोग झाला. बाकीच्यांनी उचलून धरलं. साई असा काही फुलला की विचारू नका, आणि पुन्हा गायला, पहिल्यापेक्षा जोरात. बॅटरी परत चमकली. मी परत ओरडलो. चाक हट्टी निघालं. एकूण तीन झाले.

प्रयोग संपल्यावर साई मिशीसकट धावत बाहेर आला. काका, तीन! ऐकलेत ना? काय ऑडियन्स होता आजचा!
म्हटलं, ऐकले. फार रसिक होता.
रोजनिशी लिहितोस का, विचारणार होतो. राहू दिलं.