दुसऱ्या हाताने तोंड उघडू नये

प्रिय आ-गी,

तुझा निरोप फोनवर आला, तो मी चष्मा लावून चार वेळा वाचला. चहाचा डबाही पोचला. फोन हाताशी असताना काका कागद घेऊन कशाला बसलाय, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. आणि खरं सांगायचं तर फोनवर मीही मधेच कच खाईन. कागदावर एकदा उतरलं की उतरलं.

आधी तुझ्या बाबांची बातमी देतो, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. खाणं-पिणं ठीक आहे. सकाळी भाताची पेज आणि सुक्या मुळ्याचं ऑम्लेट लागतंच. मी स्कूटर लावतो तोच दारातून ओरडतात, "मेल्या, सूर्य डोक्यावर आला, आता उगवतोस?" डॉक्टरांनी सुपारी बंद केली, तर आता माझ्या खिशातली पळवतात आणि लाल ओठांनी शपथ घेतात की खाल्ली नाही. दुपारी अंगणात बसून बाहुल्यांचे झगे उन्हाला घालतात. बोटं अजून तशीच आहेत, आ-गी. परवा माझ्यासमोर त्यांनी एका म्हाताऱ्या बाहुलीला पंख्याने वारा घ्यायला लावलं, तर मलाच गार वाटलं. गेले आहेत ते शब्द. समोरच्या भाजीवालीचं नाव गेलं, तुझ्या आईला जाऊन किती वर्षं झाली ते गेलं. तुझं नाव अजून आहे, काळजी करू नकोस.

वसंतात डॉक्टरांनी तुला आणि मला बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं, तेव्हापासून ही गोष्ट आपण दाबून धरली होती. आणि नेमकं त्याच वर्षी नाट्यमहोत्सवाचं बोलावणं आलं. बारा देशांतले नट आणि शिक्षक येणार, तीन दिवस एकेका गुरूपाशी शिकणार, आणि हातबाहुल्यांसाठी चिउ मास्तरच, म्हणजे तुझे बाबाच हवेत. बाबा लगेच हो म्हणाले. त्या संध्याकाळी तू किती अस्वस्थ होऊन फोन केला होतास! "काका, त्यांना अडवता येणार नाही, मला माहीत आहे. पण चार लोकांत त्यांचं हसं होऊ देऊ नका. तुम्ही शेजारी असाल ना?" मी म्हणालो, "एकतीस वर्षं मी दुसरीकडे होतो तरी कुठे?" आणि तुला शब्द दिला.

शब्द दिला, कारण मला माझ्या हाताचा गर्व होता. तू लहानपणी मंचाच्या मागे पेटाऱ्यावर झोपायचास, तुला सगळं माहीतच आहे. बाहुल्यांच्या खेळात पहिला हात, म्हणजे मुख्य खेळवणारा, तोच बोलतो. सेनापती, राणी, सासू, भूत, सगळ्यांचे आवाज त्याच्याच गळ्यातून. दुसरा हात त्याच्या काखेशी उभा राहून उरलेल्या बाहुल्या सांभाळतो आणि चूप बसतो. मी मंडळात आलो त्या दिवशी बाबांनी एकच नियम सांगितला होता, "दुसऱ्या हाताने तोंड उघडू नये. मंच पेटला तरी." तो मी पाळला. पण गेल्या वर्षापासून देवळांपुढच्या खेळांत ते अडायला लागले तेव्हा मी एक युक्ती काढली. ते अडले की मी विदूषक नोकराला मंचावर घुसवायचो. तो ठेचकाळायचा, ढुंगण खाजवायचा, सेनापतीची टोपी पळवायचा. लोक हसत, आणि तेवढ्यात पडद्यामागे मी बाबांच्या कानात ओळ सांगायचो. ते कुठे अडले होते हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. गावच्या जत्रेत एक बाई मला म्हणाली, "यंदा तुमचा नोकर फार वात्रट झालाय हं!" मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

महोत्सव साखर कारखान्याच्या जुन्या गोदामांत होता. आमच्या डावीकडे बाली बेटावरचे एक मुखवट्यांचे गुरू, उजवीकडे पोलंडची एक आवाज शिकवणारी बाई. तिचे विद्यार्थी सकाळपासून जमिनीवर पडून हंबरडे फोडत. बाबा दुभाषी पोरीला म्हणाले, "पेई-चुन, विचार जरा त्यांना, पोटात दुखतंय का? ओवा-बिवा पाठवू?" पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले, आ-गी. तेरा जण शिकायला होते, सगळे पिकल्या केसांचे, आपापल्या देशात स्वतःच शिकवणारे. बाबांनी त्यांना बाहुली नुसती चालवायला शिकवायला एक अख्खा दिवस घेतला. एक दाढीवाला फ्रेंच नट होता, त्याची बोटं मुळ्याएवढी. बाबा त्याला म्हणाले, "तुझा अंगठा गाढवाचा आहे, पण मन चांगलं आहे." पेई-चुन भाषांतर करायला लाजली, तर तिच्या मागे लागले, "सांग, सांग त्याला, गाढवाचा." त्या माणसाच्या बाहुलीने संध्याकाळी पहिल्यांदा नीट वाकून नमस्कार केला आणि तो चक्क रडला. बाबांनी आपल्या हातरुमालाने त्याचं नाक पुसलं.

मला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. पहिल्याच सकाळी बाबांनी मागचा पडदा काढायला लावला होता. म्हणाले, "पडद्यामागे काय चालतं तेच शिकायला आलेत ना हे, मग पडदा कशाला?" बरोबरच होतं त्यांचं. पण पडदा गेला म्हणजे माझी कुजबुज गेली. राहिला तो फक्त विदूषक.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तेरा जणांतल्या हालिना नावाच्या एका शिक्षिकेने माझ्याकडे बोट करून विचारलं, की हे इतकी वर्षं शेजारी उभे आहेत, यांनाही सगळे संवाद येत असतील ना? यांच्या तोंडून आम्ही थोडं ऐकू का? बाबा खदखदून हसले. "हा? याला विचारू नका. याचं तोंड फक्त भात घालायला आहे." तू हा विनोद शंभरदा ऐकला असशील. मीही शंभरदा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी हसलोय. त्या दिवशीही हसणारच होतो. पण पेई-चुनने भाषांतर केलंच नाही. ती माझ्याकडे न बघता हळूच काहीतरी वेगळंच बोलली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं की काका फार शांत स्वभावाचे आहेत." एका परक्या पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, तेव्हा मला कळलं की एकतीस वर्षं माझा अपमान होत होता. त्या दुपारी भाताचा डबा मी न उघडताच परत केला.

चार वाजता शेवटचं प्रात्यक्षिक होतं. महोत्सवाची माणसं आली, शेजारच्या गावांतले तीन जुने मास्तर येऊन मागच्या बाकावर बसले. बाबांनी म्हातारा सेनापती हातात चढवला. पात्र पहिल्यांदा मंचावर आलं की चार ओळी म्हणतं आणि मग आपलं नाव सांगतं. या चार ओळी चुकल्या तर बाहुलीचं नुसतं लाकूड होतं, हे बाबा दोन दिवस सगळ्यांना घोकवत होते. सेनापती आला, दाढीवरून हात फिरवला, आणि त्या खर्जातल्या आवाजात दोन ओळी झाल्या:

दाढी पिकली सीमेवरती, घोडा म्हातारा झाला,
राजाने ना नाव पुसले, ना मी राजाला.

आणि थांबला. मागचे म्हातारे पुढे वाकले. मग त्याच खर्जात, त्याच दाढीतून बाबा म्हणाले, "मोगरा माळते केसांत मी, उद्या सासरी जायचं." ती नवरीची ओळ आहे. बाबांनाही काहीतरी चुकल्याचं कळलं असावं. त्यांनी सेनापतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

तिसरी ओळ मला येत होती. "ढाल उलटी अंगणात, कोंबड्या पिती तीत पाणी." झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. तोंड उघडायचं नव्हतं हे एक वेळ सोड. माझ्या उजव्या हातावर विदूषक चढवलेला होता, आ-गी. एक पाऊल टाकून त्याने सेनापतीची टोपी ओढली असती की सगळे हसले असते, बाबांना दम घेता आला असता. मी हात खालीच ठेवला. मूग गिळून उभा राहिलो. मनात एकच होतं, की आता बोला ना, तोंड तुमचंच आहे. पेई-चुनने काढलेल्या चित्रफितीत ते नऊ सेकंद आहेत, मी मोजले. दहाव्या सेकंदाला बाबांनी सेनापती हातातून काढला, तोही सगळ्यांसमोर, बाहुलीचं डोकं खाली करून, आणि रोजच्या साध्या आवाजात मला विचारलं, "हुए-ओंग, आज आपण कुठल्या देवळात आहोत?" पेई-चुनने सवयीने त्याचंही भाषांतर केलं. परदेशी मंडळींना तो नाटकाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचे तिघे मात्र माना खाली घालून बसले होते. मग मी बाबांचा कोपर धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या चित्रफितीत तू तेवढंच पाहिलंस, आणि त्यावर मला लिहिलंस, की "काका, तुम्ही मधे न पडता त्यांचा मान राखलात, हे उपकार मी फेडू शकणार नाही."

बाबांचंही तेच म्हणणं आहे. येईल-जाईल त्याला सांगतात, "दुसरा कोणी असता तर तिथे चोमडेपणा करून मोकळा झाला असता. याने माझी लाज राखली." आणि गेल्या आठवड्यात त्यांनी मंडळाच्या देवासमोर उदबत्ती लावून मला पहिला हात केलं. मी नको म्हणायला हवं होतं. मी वाकलो आणि घेतलं. दुसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी हातातला झगा खाली ठेवला. मग म्हणाले, "एवढा लागत होता तुला माझा शब्द? मग एकदा तरी बोलायचास रे." आणि माझा हात धरून रडले. सकाळी गेलो तर पुन्हा तेच कौतुक, तीच लाज राखली. काल पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न, तेच रडणं. आज सकाळी परत कोरी पाटी. त्यांना दर वेळी तो घाव नवा बसतो आणि मला दर वेळी ते नव्याने माफ करतात, आणि संध्याकाळी दिलेली माफी सकाळी राहत नाही. तिसऱ्यांदा त्यांना रडवायची माझी छाती नाही. म्हणून हे पत्र तुला. तू मला माफ करावंस म्हणून नाही लिहिलेलं. तुला राग येईल, तो येऊ दे, हवं तर वर्षभर माझं तोंड पाहू नकोस. पण मी काय केलं हे कोणाच्या तरी लक्षात राहायला हवं, आणि त्या घरात आता तूच उरला आहेस.

तुझाच,
हुए-ओंग काका