काकांनी बदललेला शब्द

४ जून

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

घरी सगळे ठीक. नोकरीत मात्र एक भानगड आहे. आमच्या शीतगृहाच्या यंत्रघरात अमोनियाच्या नळाचा एक सांधा गळतोय. भिंतीपलीकडे बायका फळं निवडतात, त्यांच्यापर्यंत वास जातो. तोंडाला ओले रुमाल बांधून बसतात बिचाऱ्या. माझे डोळे सारखे पाझरतात म्हणून मिस्त्री मला रडूबाई म्हणतात. स्वतः खोकून बेजार झालेत, पण चेष्टा सोडवत नाही.

या पाळीची देखरेख माझ्याकडे, म्हणून कळवायचंही मीच, आणि मुख्य कचेरीला सगळं इंग्रजीतच लागतं. आम्ही ‘टेरिफाइड’ आहोत, दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवा, असं लिहिलंय. मसुदा सोबत आहे. तुमचं लाल पेन चालवा.

लोभ आहेच, तो वाढवा.
तुमची बारकी

११ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

अगं, टेरिफाइड म्हणजे बोबडी वळलेला माणूस. तो कधी अर्ज लिहीत बसतो का? ‘अलार्म’ लिहिलंस तर आग लागल्यासारखं वाटेल. ‘डिस्मे’ म्हणजे घोर निराशा, तो साहेबांना टोमणा वाटायचा. ‘अनीझी’ म्हणजे पोटात नुसतं कसंतरी होणं. मी ‘सम कन्सर्न’ घातलं आहे. थोडीशी काळजी, बस. सभ्य माणसाने सभ्य माणसाला लिहावा असा शब्द आहे.

यंत्र बंद ठेवायचं वाक्य काढून ‘सवडीने पाहावे’ असं केलं. तुझ्याआधीच्या बाईंनी आरडाओरडा केला आणि घरी बसल्या, हे तूच लिहिलं होतंस.

काकू म्हणते, शब्द गेले खड्ड्यात, पोरीला आधी तिथून बाहेर पडायला सांगा. तिला इंग्रजी कळत नाही, तेव्हा तिचं मनावर घेऊ नकोस. डोळ्यांना जप.

तुझा काका

२ जुलै

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचाच मसुदा पाठवला. कचेरीने आभार मानलेत आणि सवडीनं पाहू म्हणून कळवलंय. खाली साहेबांनी माझ्या भाषेचं कौतुकही केलंय! मिस्त्रींना सांगितलं, तर म्हणाले की आता सांधा भाषेनंच बुजवू. इतके हसले की खोकल्यानं खालीच बसले.

बायका रोज विचारतात, ताई, काय झालं? मी सांगते, कळवलंय. काकूला नमस्कार.

आहे तसाच लोभ राहू द्या.
बारकी

२० जुलै

चि. बारकीस आशीर्वाद.

वर्तमानपत्रात वाचलं. तू वाचलीस एवढंच कळलं, तेही तुझ्या आईच्या फोनवरून. काकू माझ्याशी बोलत नाही. मला जेवण जात नाही.

तो शब्द माझा होता, बाळ. चौकशीत येऊन सांगू का? मी आलेला चालेल का तुला?

काका

३ ऑगस्ट

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे, घसा अजून बसलेला आहे. सांधा फुटला तेव्हा मिस्त्रींनी बायकांना बाहेर काढलं आणि व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेले. ते गेले. यंत्रघराच्या दाराशी बसणाऱ्या दोघीही गेल्या. मला कुणी रडूबाई म्हणत नाही आता.

काल चौकशी झाली. साहेबांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. म्हणाले, खरा धोका असता तर बाईंनी तसं लिहिलं असतं, त्यांची भाषा किती चांगली आहे. मग चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, त्या दिवसांत तुम्हाला नेमकं काय वाटत होतं?

या वेळी शब्द कुणी बदलू नये म्हणून मी हट्टानं आपल्या भाषेत बोलले. म्हटलं, भीती वाटत होती. मरायची भीती, रोज, सगळ्यांना. दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं, एकानं टाइप केलं आणि जबानी सहीसाठी माझ्यापुढे आली.

तिथे ‘कन्सर्न’ लिहिलंय, काका.

मी सही केलेली नाही. सोमवारी पुन्हा बोलावलंय. तुम्ही याच, आणि येताना ते लाल पेन घेऊन या.

बारकी