चारच टन

बंगलोर,
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय वाल्मिक,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. गौराकाकूंचे गुडघे कसे आहेत? भिसेगावात भात झोडून झालं असेल. मी बरी आहे. इथली थंडी सोसते, जेवणही सोसतं. दिवसभरात मला कुणी 'काय गं' म्हणत नाही, ते मात्र सोसत नाही.

कामाचं सांगते. आमच्याकडे एक प्रोग्राम आहे. लोखंडी वस्तूचे कागदोपत्री शेकडो बारीक तुकडे पाडायचे आणि कोणत्या तुकड्यावर किती ताण येतो ते संगणकाकडून काढून घ्यायचं. पण हा प्रोग्राम लोखंडाला तुटेपर्यंत धडधाकट समजतो. रोजच्या उचलीने आतून ते थोडं थोडं खचत जातं, हे त्याला कळत नाही. खचणं मोजणारा भाग आपला आपण लिहून जोडता येतो. तो मी लिहिला. आठ महिने गेले. एक तुकडा खचला की त्याचा भार शेजारच्यावर पडायचा आणि सगळं गणित कोसळायचं. शेवटी भार अगदी बारीक पायऱ्यांनी वाढवला, तेव्हा उत्तर थाऱ्यावर आलं. प्रयोगशाळेत तोडलेल्या सळ्यांशीही जुळलं.

मग मी त्यात मोहोपाड्याच्या कारखान्यातला तुझ्या क्रेनचा, तीन वर्षांपूर्वी तुटलेला हूक घातला.

वाल्मिक, हूक तुटून माल तुझ्या पायावर आला, तेव्हा पायाला प्लास्टर घालून तू पडला होतास. म्हणालास, "माल चारच टन होता गं जया. मी खोटा बोलत नाय." आणि हात पुढे केलास. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आदल्याच दिवशी, कारखान्यातली नवी इंजिनीअर म्हणून, मी साहेबांना लिहून दिलं होतं की चार टनांनी हा हूक तुटणं शक्य नाही, जास्त वजन उचललं असणार. खाली सही माझी. त्या कागदावर तुझी नोकरी गेली. कागद कुणाचा, हे तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक होतं, तरी मी आकड्यांवर विश्वास ठेवला. जया शिकायला गेली असं सगळे म्हणतात. मी पळाले होते.

सहा वर्षांच्या उचली आणि चारच टन. हूक तुटला. जिथे खरा तुटला होता तिथेच, वाकणाच्या आतल्या बाजूला. मी तीनदा चालवून पाहिलं.

माझं आधीचं गणित चुकलं होतं असं स्वच्छ लिहून सगळे कागद काल कारखान्याला आणि कामगार अधिकाऱ्यांना पाठवले. नोकरी परत मिळेल का, माहीत नाही.

पाच डिसेंबरला कर्जतला उतरते. तू स्टेशनवर येऊ नकोस, पाय दुखेल. मी घरी येईन. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण तुझ्याच आवाजात ऐकायच्या आहेत.

हक्क उरलेला नाही, तरी लिहिते,
तुझी
जया