बाबांचा सुका खोकला

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी खुर्चीत बसून दातओठ खातेय.) तुमची आणि मामीची तब्येत बरी असेलच. आमच्याकडे सगळं ठीक, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे वाचा.

औषधशास्त्राची तोंडओळख हा विषय ऑनलाइन घे, घरबसल्या होऊन जाईल, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? आमच्या घरात बसल्या बसल्या काय काय होतं, हे ठाऊक असूनही! आमचे सर म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातलं बटणाएवढं तोंड, तेही कधीकाळी रेकॉर्ड केलेलं. स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवतात. मधेच त्यांचं कुत्रं भुंकतं, तेवढंच काय ते जिवंत वाटतं. शंका विचारली की आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर येतं आणि प्रश्न तिथेच मोलाचा होऊन पडून राहतो.

पण खरा घोळ घातला बाबांनी. फी घराने भरली, मग ज्ञान एकटीच्याच कानात का जावं, हा त्यांचा न्याय. हेडफोन कपाटात बंद, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणि आवाज शेजारपर्यंत. (शेजारच्या काकू हल्ली खिडकी उघडी ठेवून भाजी निवडतात.) रक्तदाबाच्या गोळीचा धडा लागला तेव्हा आई चार्जर शोधत होती, आजी आपली खुर्ची पुढे ओढत होती आणि बाबा सगळ्यांना शांत बसा, शांत बसा म्हणून ओरडत होते. नेमके तेव्हाच सर गोळीचे उपयोग सांगत होते. शांतता झाली तोवर गाडी दुष्परिणामांवर आली होती. सुका खोकला, चक्कर, थकवा. बाबा वर्षानुवर्षं तीच गोळी घेतात, कधी साधा ठसका लागला नाही. त्या दिवशी धडा संपायच्या आत खोकला सुरू! दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. मी समजावलं, ओरडले, रडले, जेवण सोडलं. (माझ्या वाटणीचं त्यांनी खाल्लं.) तर म्हणे, "तुझेच सर म्हणालेत, मी पदरचं काही सांगत नाही." डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर खोकल्याचं आधी सांगितलं नाही म्हणून डॉक्टरांवरही फुली. परवा रक्तदाब मोजला तर आकडा भलताच वर गेलेला. बाबा म्हणाले, यंत्र जुनं झालंय.

त्यात काल परीक्षा. कॅमेरा चालू, मान वळवायची नाही, खोलीत दुसरं कुणी नको. प्रश्न आला, या गोळीचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम कोणता. मी पर्याय वाचतेय तोच दारातून बाबा गरजले, "सुका खोकला!" आणि वर खोकूनही दाखवलं. उत्तर बरोबर होतं. पेपर रद्द झाला. पडद्यावर 'खोलीत अनधिकृत व्यक्ती' अशी लाल अक्षरं आली. स्वतःच्या घरात अनधिकृत ठरल्यामुळे बाबा कालपासून रुसलेत, आणि तेही माझ्यावर! चोर तो चोर, वर शिरजोर.

असो. मामीला नमस्कार सांगा.

तुमची संतापलेली भाची

ता. क. पेपरसाठी कॉलेजशी मी एकटी भांडेन, त्याची काळजी नको. तुम्ही फक्त बाबांना फोन करा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करायला लावा. तुम्ही दवाखान्यात बिलं करायचात हे कितीदा सांगितलं, तरी त्यांच्या लेखी घरातले डॉक्टर तुम्हीच. माझं ते ऐकत नाहीत. मला भीती वाटते, मामा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मामीचा फोन आला. बाबांनी तो धडा तुम्हालाही फोनवरून ऐकवला, आणि तुम्हीही तुमची रक्तदाबाची गोळी सोडलीत म्हणे. धन्य आहे! आधी मामीसमोर बसून स्वतःच्या डॉक्टरांना फोन लावा, ते सांगतील ती गोळी मुकाट्याने गिळा आणि मग बाबांशी बोला. बोलताना खोकू नका.